संध्याकाळचा हात

माझ्या हातांचं कौतुक मी कधी दुसऱ्यावर सोडलं नाही, स्वतःच करत आलो. भिवंडीत कामतघरपासून नारपोलीपर्यंत कुठल्याही गल्लीत उभे राहा, लूमच्या कारखान्याचं नाहीतर दुकानाचं एखादं शटर माझ्या हातचं निघेलच. मी जनार्दन भोईर, शटरवाला. मला मायस्थेनिया नावाचा आजार आहे. नाव घेताना जीभ अडखळली तर मनाला लावून घेऊ नका, या आजारात जीभसुद्धा दमते. तुमच्या घरात कुणाला हा नुकताच कळला असेल तर हे त्यांच्यासाठी आहे. डॉक्टरकीचं मी काही सांगणार नाही. ज्याचं काम त्याने करावं, हे मी आयुष्यभर लोकांना ओरडून सांगत आलोय.

आधी शटरचं

माझं काम कळल्याशिवाय माझा आजार कळायचा नाही, म्हणून थोडक्यात सांगतो.

शटर वर ढकलताना तुम्ही त्याचं खरं वजन उचलतच नसता. वरच्या पाइपवर पत्र्याचे गोल डबे असतात, त्यात पोलादी पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग असते. शटर खाली ओढलं की ती आवळते, वर ढकललं की ती आपल्याला जोर देते. नवी स्प्रिंग बसवली की पाइप फिरवून तिच्यात ताण भरावा लागतो, आणि ते एकट्याचं काम नाही. एक जण मोठ्या पान्याने पाइप फिरवतो. दुसरा आपला पाना लावून पाइप तिथेच धरतो. मग पहिला सोडतो आणि पुढची पकड घेतो. यात एक नियम आहे. धरणाऱ्याने मोठ्याने "धरलं" म्हणायचं, आणि ते कानावर पडल्याशिवाय दुसऱ्याने सोडायचं नाही. भरलेली स्प्रिंग सुटली तर पाना उलटा फिरतो, मग पुढे मनगट आहे की डोकं, ते तो बघत नाही.

म्हणून गिऱ्हाइकाचा फोन आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "स्वतः हात तर नाही ना लावला?" मोबाइलवर व्हिडिओ बघून स्प्रिंग उघडणारे शूर लोक आम्ही पुष्कळ पाहिलेत. एका शूराचा पुढचा दात मी शटरच्या पट्टीतून काढून त्याच्या हातात दिलाय.

आम्ही म्हणजे मी आणि मुनाफभाई. मुनाफभाई भिवंडीतला जुना कोकणी मुसलमान, माझ्याहून थोडा मोठा, माझ्याहून बराच बारीक. तो फिरवतो, मी धरतो. माझी पकड अशी की तो म्हणायचा, "जना, तेरा हाथ है के दीवार का कडा?"

माल कडक आलाय

मग एका उन्हाळ्यात स्प्रिंगा कडक यायला लागल्या. निदान मला तरी तसंच वाटलं. सकाळी पहिलं शटर झकास व्हायचं, दुपारी दुसरं जड जायचं आणि संध्याकाळपर्यंत पाना हातात राहीना. मी थेट नारपोलीला स्प्रिंगवाल्याकडे गेलो आणि त्याच्याशी भांडलो. "या खेपेची पट्टी खराब आहे. गिऱ्हाइकांना तोंड आम्हाला द्यावं लागतं." त्याने शांतपणे सांगितलं, उद्या सकाळी ये आणि इथेच भरून दाखव. सकाळी गेलो. तीच स्प्रिंग मी हसत हसत भरली. तो म्हणाला, "माल वही, हाथ वही. अब बोलो."

बोलायला मी काय कमी? मी एक शास्त्र काढलं. म्हटलं, उन्हाने लोखंड तापतं, पट्टी फुगते, म्हणून दुपारनंतर स्प्रिंग भरूच नये. हे मी इतक्या रुबाबात सांगितलं की दुसरे शटरवालेसुद्धा सकाळीच स्प्रिंगा भरायला लागले. भिवंडीत आजही दोघे-तिघे गिऱ्हाइकाला तेच सांगतात. त्या ज्ञानाचा उगम माझ्या ढिल्या पडलेल्या दंडात आहे हे त्यांना माहीत नाही.

बायको सुरेखाला मात्र माझं शास्त्र पटलं नव्हतं. ती आगरी घरातली, तोंडाची फटकळ. जेवताना माझा जबडा अर्ध्या भाकरीवर थकायचा, ते तिने बघितलं होतं. एक दिवस म्हणाली, "तुमचा डोला बगा आरशान. अर्धा झाकलाय. त्यो पन उन्हानं फुगला काय?"

मी म्हटलं, झोप कमी झाली असेल.

अकलोली

घरात मग उपचार सुरू झाले. हातपाय दुखतात तर अकलोलीच्या गरम कुंडात बसवा, असं माझ्या सासुरवाडीने ठरवलं. माझं काही दुखत नव्हतं, फक्त हात चालत नव्हते. पण सासुरवाडीपुढे कोण बोलणार? वज्रेश्वरीला पाया पडलो आणि अकलोलीला कुंडात उतरलो. पाणी छान ऊन होतं, अंग सैल झालं. इतकं सैल झालं की बाहेर येताना मला पायरी चढवेना. मेव्हण्याने एका काखेत हात घातला, एका अनोळखी माणसाने दुसरीत, आणि मला ओलं बारदान ओढतात तसं काठावर ओढलं. लोक बघत होते. शटरवाला भोईर दुसऱ्याच्या हातांनी वर आला, याने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नंतर कळलं की गरमीने हा आजार वाढतो. उन्हाने बिघडत होती ती स्प्रिंग नव्हती, मीच होतो. तुम्हाला हा आजार असेल तर कडक पाण्याची आंघोळ आणि कुंडबिंड, जे काय करायचं ते डॉक्टरला विचारून करा. देवाला हात बाहेरूनच जोडा.

"तू 'धरलं' बोलला होतास"

अकलोलीनंतरही मी कामावर गेलो, कारण अक्कल अशी लगेच येत नसते.

कामतघरला एका कारखान्याचं मोठं शटर होतं. काम लांबलं, संध्याकाळ झाली. मुनाफभाईने पाइप फिरवला, मी पाना लावला आणि म्हटलं, "धरलं." खरंच धरलं होतं. त्याने सोडलं. आणि माझी बोटं माझ्या डोळ्यांदेखत आपोआप उघडली. मी आवळत होतो, ती उघडत होती. पाना सणकन फिरला, मुनाफभाईची टोपी उडवून भिंतीत बसला आणि विटेचा तुकडा खाली पडला. वीतभर अलीकडे त्याचं कानशील होतं.

तो घोडीवरून, म्हणजे आमच्या उभ्या शिडीवरून, खाली उतरला. टोपी झटकली. मग म्हणाला, "तू 'धरलं' बोलला होतास."

"धरलं होतं, मुनाफभाई. आईशप्पथ."

"वोही तो. तू झूठ नहीं बोलता. म्हणजे तुझा हात खोटं बोलतोय. चल, डॉक्टरला दाखवू."

दुसऱ्या कुणी मला कामचोर म्हटलं असतं, दारू पितो म्हटलं असतं. आमच्या धंद्यात भागीदारी मोडायला इतकं पुरे असतं. या माणसाने मरता मरता वाचल्यावर पहिली गोष्ट केली ती माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्याची. मला आजार लवकर कळला तो त्याच्यामुळे.

बर्फ

ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात मेंदूच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. मी, सुरेखा आणि मुनाफभाई. मॅडम वयाने लहान, बोलायला हळू. त्यांनी मला वर बघत बसायला सांगितलं. थोड्या वेळाने माझी डावी पापणी आपोआप खाली आली. मग त्यांनी बर्फ मागवला. हातमोज्यात बर्फाचे तुकडे भरले आणि त्या डोळ्यावर धरले. मला वाटलं, झालं, आता इथेही घरगुती उपाय.

मोजा काढला तर डोळा टक्क उघडा. सुरेखा हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मुनाफभाई म्हणाला, "मॅडम, इतकंच असेल तर मी याला बर्फाच्या कारखान्यात कामाला लावतो."

इतकंच नव्हतं. बर्फाचा परिणाम घटकाभराचा असतो, तो फक्त आजार ओळखायला. मग रक्त तपासलं, हाताला बारीक बारीक शॉक देऊन बघितलं, छातीचा स्कॅन झाला. मॅडमनी सांगितलं की माझ्या हातात ताकद आहे, पण मेंदूचा निरोप हातापर्यंत नीट पोचत नाही, आणि हात जितका वापरावा तितका निरोप कमी होत जातो. विश्रांती घेतली की पुन्हा पोचतो. म्हणून सकाळ चांगली आणि संध्याकाळ वाईट.

सुरेखाने सरळ विचारलं, "ह्यानं मानूस मरतो काय?"

मॅडम म्हणाल्या, "गोळ्या वेळेवर घेतल्या, मनाने बंद केल्या नाहीत, श्वासाला त्रास झाला की लगेच आलात, तर म्हातारे होतील."

मी विचारलं, "स्प्रिंग भरता येईल?"

त्यांनी स्प्रिंग म्हणजे काय ते विचारलं. मी सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं तसंच. त्या ऐकून घेत होत्या, आणि शेवटी म्हणाल्या, "भोईर, ज्या कामात तुमचा हात सुटला तर दुसऱ्याचा जीव जाईल, ते काम नाही." घरी येईपर्यंत मी वाटेतली शटरं बघत बसलो. मरणार नाही हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात एकच होतं, की मग मी कोण?

वॉर्ड

पावसाळ्यात सर्दी झाली, सर्दी छातीत उतरली आणि एका दुपारी मला पाण्याचा घोट गिळता येईना, श्वास पुरेना. पुन्हा ठाणे, या वेळी आयसीयू. घशात नळी घातली. श्वास मशीन देत होतं.

त्या दिवसांची भीती मी लपवणार नाही. सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, आणि बोट हलवायचं तर आधी मनाची तयारी करावी लागते. नळी असल्यामुळे आवाज नाही. दिवस कळायचा तो फरशी पुसल्याच्या वासावरून, आणि दुपारी भेटायच्या वेळेला सुरेखाच्या बांगड्या ऐकू यायच्या त्यावरून. ती रोज एकच वाक्य म्हणायची, "घरचा समदा बरा हाय, तुम्ही तुमचा बगा." मला कळायचं की घरचं काही बरं नाही.

मला झोप येत नव्हती. डोळा लागला तर मशीन थांबेल असं वाटायचं, म्हणून जागा राहून मी मशीनवर पहारा करत होतो. अशाने अंगात होती नव्हती ती ताकद चालली होती.

मुनाफभाई आला. त्याने बघितलं मला. माझा हात त्याच्या दोन्ही हातांत घेतला, आणि घोडीवरून ओरडावं तसं अख्ख्या आयसीयूला ऐकू जाईल असं म्हणाला, "धरलं, जना. आता सोड."

सिस्टर धावत आली. "असं काय बोलता पेशंटला? सोड म्हणजे काय?"

तिचं चुकलं नाही. पण मला त्याचा अर्थ माहीत होता. भार माझ्या हातात आलाय, तुझी पकड सोड. मी डोळे मिटले आणि त्या दुपारी पहिल्यांदा गाढ झोपलो. आजारी माणसाला भेटायला जाताना फळं न्या, नका नेऊ. पण त्याचा कुठला भार तुम्ही धरलाय, ते त्याला मोठ्याने सांगा.

हळूहळू मशीन कमी केलं. नळी निघाली. मग सिस्टर रोज यायची आणि एका दमात आकडे म्हणायला सांगायची. जितके आकडे जास्त, तितका श्वास चांगला. पहिल्या दिवशी माझी गाडी सुरुवातीलाच बंद पडली. मी मनात पाइप फिरवायला लागलो, एकेक आकडा म्हणजे एकेक पकड. रोज थोडं पुढे गेलो. घरी जाताना सिस्टर म्हणाली, "काका, तुम्ही आकडे म्हणता की कुणाला हुकूम सोडता?" आवाज परत आला होता.

घोडीवर सुरेखा

घरी आल्यावर कळलं, घरचं "समदा बरा" म्हणजे काय. मी आयसीयूत असताना नारपोलीच्या एका दुकानाचं शटर अर्ध्यात अडकलं होतं. मुनाफभाईला दुसरा भरवशाचा माणूस मिळेना. सुरेखाने साडीचा पदर खोचला आणि म्हणाली, "मना दाखवा, कसा धराचा त्यो पाना." आणि धरला. त्यानंतर धरतच राहिली.

मला राग आला. खोटं कशाला बोलू. मी भांडलो तिच्याशी. लोक काय म्हणतील, पडलीस तर काय, मला विचारलं का. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तुमाला कसा विचारू? तुमच्या तोंडान नली होती."

महिनाभर आम्ही जेवढ्यास तेवढं बोललो. ती सकाळी माझ्या गोळ्या वाटीत काढून ठेवायची, धंद्याचा फोन कमरेला खोचायची आणि निघायची. मी घरी बसून भिंतीकडे बघायचो. आजारी माणसाचं दुखणं घरचे सांभाळतात. त्याचा रुबाब कुठे ठेवायचा ते मात्र कुणालाच कळत नाही.

घरचं शटर

आमच्या घराच्या खाली आमचाच गाळा आहे, सामान ठेवायचा. एका सकाळी त्याच्या शटरची स्प्रिंग तुटली. सुरेखा आणि मुनाफभाई कामावर गेले होते. मी गोळी घेतली होती, अंगात तरतरी होती, सकाळची वेळ. मनात आलं, हे माझं घर आहे, माझं शटर, माझी स्प्रिंग. संध्याकाळी दोघं येतील तेव्हा शटर चालू असेल, मग बघू कोण काय बोलतं.

जिन्याकडच्या आतल्या दाराने गाळ्यात गेलो, नवी स्प्रिंग तिथेच होती. घोडी लावली. पायरी पायरी करत चढलो. जुनी काढली, नवी बसवली, हात झकास चालत होते. पाना पाइपला लावला आणि पहिला जोर दिला. पाइप फिरला. काय सांगू, किती बरं वाटलं. सगळा आजार विसरलो.

आणि पुढची पकड घ्यायची म्हणून मी सवयीने थांबलो. "धरलं" ऐकायला.

गाळ्यात कुणी नव्हतं. मी पाना धरून उभा होतो आणि मला दिसत होतं की माझी बोटं अजून माझं ऐकतायत, पण किती वेळ ते मला सांगता येणार नव्हतं. ज्या शूरांना मी आयुष्यभर हसलो त्यांच्या जागी मी उभा होतो. एकच वळसा भरला होता, स्प्रिंगमध्ये जोर थोडाच होता. अंग बाजूला ठेवून, हळूहळू पाइप होता तिथे परत नेला, पाना काढला आणि खाली उतरलो. इतक्या वर्षांत मी हजार वेळा घोडीवर चढलो असेन. पण शाबासकी द्यायचीच तर त्या दिवशी उतरलो त्याची द्या. मी स्वतःला दिली.

मग धंद्याच्या नंबरावर फोन लावला. सुरेखाने उचलला.

मी म्हटलं, "शटरची स्प्रिंग तुटलीय. भरायला माणूस पाहिजे."

पलीकडे लूमचा खडखडाट ऐकू येत होता. मग गिऱ्हाइकाला विचारतात तसं तिने विचारलं, "स्वतः हात तर न्हाय ना लावला?"

"लावला होता. काढला."

"बरा केलात," ती म्हणाली. आवाज जरा ओला होता. "येतो आमी."

दुपारी दोघं आली. मुनाफभाई फिरवत होता, सुरेखा धरत होती. मी खाली खुर्चीत बसून बघत होतो. तिचं "धरलं" माझ्याहून खणखणीत आहे. दोन ठिकाणी तिची पकड चुकत होती, ती मी सांगितली. एकदा मुनाफभाई घाई करत होता, त्याला दम दिला. पाइप बघून, आवाज ऐकून स्प्रिंग किती भरली ते मला खालून कळत होतं. काम झालं तेव्हा मुनाफभाई म्हणाला, "चलो, शेठ, चेक करो."

मी हात पुढे केला आणि थांबलो. म्हटलं, "आता नको. चहा घ्या. संध्याकाळी करू."

संध्याकाळ झाली. पापणी खाली आली, हात नेहमीप्रमाणे जड झाले. त्याच हाताने मी शटरला खालून आधार दिला. ते जागचं हललं आणि कमरेपर्यंत येऊन थांबलं, पुढे जाईना. सुरेखाने मदतीला हात पुढे केला, मी नको म्हटलं. "अजून एक पकड भरा," मी सांगितलं. दोघांनी भरली. पुन्हा हात लावला. शटर सळसळत वर गेलं. मग मी ते ओढून अर्ध्यावर आणलं. भरलेली स्प्रिंग बरोबर असेल तर अर्ध्यावर सोडलेलं शटर वरही जात नाही, खालीही येत नाही. सुरेखा शेजारी उभी होती. म्हणाली, "सोडा आता."

मी सोडलं. शटर होतं तिथेच राहिलं.

तेव्हापासून आमची पद्धत ठरलीय. स्प्रिंगा सकाळी भरायच्या, आणि संध्याकाळी मी येऊन हात लावल्याशिवाय काम संपलं म्हणायचं नाही. माझ्या संध्याकाळच्या हाताला जे शटर उघडतं, ते म्हाताऱ्या दुकानदारालाही उघडतं आणि पोटुशी बाईलाही. मॅडमना हे सांगितलं तर त्या खूप हसल्या, आणि दर तपासणीला आता आधी हात बघतात, मग शटरची चौकशी करतात. आजार गेलेला नाही. गोळ्या चालू आहेत. दुसऱ्या कुठल्याही दुखण्यासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो की तोंड उघडल्या उघडल्या या आजाराचं नाव सांगतो, कारण काही औषधं याला चालत नाहीत. एवढी एक गोष्ट माझं ऐका.

परवा कामतघरला एका कारखान्याचं शटर केलं. मालक नवीन होता, घाईत होता. मी रिक्षातून हळूहळू उतरलो, भिंतीला धरून आत आलो. माझी पापणी बघून तो सुरेखाच्या कानाशी लागला, पण लूम बंद असल्यामुळे मला ऐकू आलं. "भाभी, इनके हाथ में तो ताकत ही नहीं. हे काय तपासणार?"

सुरेखा पाने पुसत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही.

"ताकद न्हाय म्हनूनच ते तपासतात," ती म्हणाली. "ताकदवाल्याच्या हातानं तर बिघडलेला पन उघडतो."

मी हात लावला. शटर वर गेलं.